या रस्त्यात किती मावतं

दिवाळीचे कंदील उतरले की आमच्या घाटकोपरमध्ये रस्ते उकरायचा मोसम सुरू होतो. पावसाळाभर खड्ड्यांत खडी टाकून वेळ मारून नेलेली असते. आता पत्र्याची बॅरिकेडं येतात, सकाळी आठला ड्रिल सुरू होतं आणि गरम डांबराचा वास टेकडीवरच्या आमच्या खोलीपर्यंत चढतो. शेजारणी नाकाला ओढण्या लावतात. माझी मात्र तो वास आला की बोटं वळवळायला लागतात. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. पुन्हा चार उभ्या. दहा-एक वर्षं झाली तरी ही खोड गेलेली नाही, आणि जावी असं मला वाटतही नाही.

त्या हिवाळ्यात मी गाड्या मोजल्या. मी ज्या ऑफिसात टायपिंग करायचे ते अचानक बंद झालं होतं आणि कोणीतरी सांगितलं की खालच्या चौकात ट्रॅफिक मोजायला माणसं हवी आहेत. एका सल्लागार कंपनीला काम मिळालं होतं. या चौकातून तासाला किती गाड्या जातात, जास्तीत जास्त किती जाऊ शकतील, आणि त्यांना अडवतंय काय, हे शोधून काढायचं. मला हसू आलं होतं. मी जन्मापासून त्या चौकात अडकलेली. मला कोणी विचारलं असतं तर उभ्या उभ्या सांगितलं असतं.

पण विचारायची तशी पद्धत नसते. पद्धत अशी, की सकाळी सातला फुटपाथवर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचं. मांडीवर लाकडी पॅड, त्यावर छापील फॉर्म. वर आडवे रकाने: कार, रिक्षा, दुचाकी, बस, ट्रक, टेम्पो, सायकल, हातगाडी. डावीकडे उभी वेळ, पंधरा-पंधरा मिनिटांची. समोरून जे जाईल त्याची त्याच्या रकान्यात एक रेघ. पाणी प्यायला मान वर केली तर दोन रिक्षा निसटल्याच म्हणून समजा.

मुंबईची थंडी म्हणजे स्वेटरला ऊन दाखवायचं निमित्त, पण सकाळी सातला त्या कडेला बसलं की ती खरी वाटायची. धुरकट हवेत समोरची इमारत अर्धीच दिसायची. चहावाला पहिला चहा स्वतः प्यायचा आणि दुसरा आम्हाला द्यायचा. आधी दूधवाल्यांच्या मोटरसायकली, मग शाळेच्या बस, मग रिक्षांचा लोंढा. नऊच्या सुमाराला सगळा रस्ता मिळून एकच आवाज करायला लागायचा आणि तो आवाज रात्री झोपेतही कानात राहायचा.

चौथ्या दिवसापर्यंत मी डोळे मिटूनही बऱ्याच गाड्या ओळखायला लागले. देवनारकडे जाणारा कचऱ्याचा डंपर तर दिसायच्या आधी कळायचा. त्याच बाजूला, तिथल्या कत्तलखान्याकडे, बकऱ्यांनी भरलेले ट्रक जायचे. जाळीतून एखादी बकरी माझ्याकडे बघायची आणि मी तिच्या ट्रकची रेघ मारायची. एकदा वरातीचा घोडा एकटाच, नवरदेवाशिवाय, मांडवाकडे निघाला होता. तो कुठल्या रकान्यात घालावा यावर आमची दोन मिनिटं गेली आणि तेवढ्यात कितीतरी गाड्या गेल्या. शेवटी घोडा हातगाडीत घातला.

आमची म्हणजे माझी आणि परबकाकांची. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला ते बसायचे. मुलुंडकडे जाणाऱ्या गाड्या त्यांच्या, शहराकडे जाणाऱ्या माझ्या. काका मूळचे मालवणकडचे, राहायला कांदिवलीला. उमेदीच्या वयात ते गिरणीत कापड तपासायच्या खात्यात होते. गिरणी गेली, मग वॉचमन, मग कुरियर, मग हे. कानावर पेन्सिल आणि डब्यात भाकरी नि सुका जवळा. त्यांच्या रेघा बघाव्यात, सगळ्या एका उंचीच्या. माझ्या रेघा बघून ते म्हणायचे, "अगो चेडवा, ही मोजणी आसा की पाऊस पडता?"

आमच्या दोघांच्या मध्ये रस्ता होता, रस्त्याच्या मध्ये दुभाजक, आणि दुभाजकाला एके ठिकाणी खिंड. तिथे झेब्राचे पट्टे आणि चालणाऱ्यांसाठी सिग्नल. त्याचा हिरवा माणूस उगवला की टेकडीवरची माणसं पलीकडे जायची. स्टेशन पलीकडे, बाजार पलीकडे, दवाखाना पलीकडे, नळाचं बिल भरायचं तेही पलीकडे. आमच्या वस्तीचं सगळं आयुष्यच पलीकडे आहे म्हणा ना.

त्या खिंडीपाशी रोज साडेआठला हिराबाई यायच्या. माहुलच्या बाजूच्या कोळीण, साठी ओलांडलेली. डोक्यावर मासळीची पाटी, पदर कमरेला खोचलेला, चाल ताठ. आधी टेकडीच्या पायथ्याच्या गल्ल्या करायच्या आणि उरलेला माल घेऊन पलीकडच्या बाजारात बसायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. दुसऱ्याच दिवशी त्या माझ्या खुर्चीपाशी थांबल्या आणि फॉर्मात डोकावल्या.

"काय लिवतेस गो?"

"गाड्या मोजतेय, मावशी. कोण कोण जातंय ते."

"मना कुठं लिवलंस?"

मी रकाने दाखवले. माणसांचा रकाना नव्हता. सायकल होती, हातगाडी होती, पायी चालणारा माणूस कुठेच नव्हता.

"गारीला हाय ना मना नाय? मंग मी काय दिसत नाय तुमाना?" एवढं बोलून त्या हिरव्या माणसाची वाट न बघता रस्त्यात उतरल्या. एक बस करकचून थांबली. बसची रेघ मी मारली.

खरं सांगायचं तर मला राग आला, आणि तो हिराबाईंचा नव्हता. मी स्वतः रोज त्याच खिंडीतून जाणारी. दोन दिवस मी माझ्याच माणसांना सोडून बाकी सगळं मोजत बसले होते आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्या दिवशी मी फॉर्मच्या कडेच्या कोऱ्या समासात एक उभी रेषा ओढली, वर लिहिलं 'माणसं', आणि हिरवा दिवा लागला की तिथेही रेघा मारायला लागले. दुपारच्या जेवणाला काकांना दाखवलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि आपल्या फॉर्मवरही तशीच रेषा ओढली, माझ्यापेक्षा सरळ. त्यांच्या रकान्याचं नाव होतं 'पाय'.

आमच्यावर देखरेख करायला निनाद नावाचा इंजिनिअर होता. सव्वीस-सत्तावीसचा, पाठीवर बॅग, बोलायला मऊ. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. पहिल्या दिवशी त्याने आम्हाला हिशेब समजावला होता. सगळ्या गाड्या सारख्या धरत नाहीत. कार म्हणजे एक. मोटरसायकल म्हणजे अर्धी. बस म्हणजे तीन. हातगाडी मात्र कारपेक्षा मोठी.

"हातगाडी कशी काय मोठी?" मी विचारलं होतं.

"ती हळू जाते ना मॅडम. मागच्यांना अडवते. जो जास्त अडवतो, त्याचा आकडा मोठा."

हे मला फार आवडलं होतं. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, मग तुझ्या मामाचा आकडा किती. आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण पुढे पुढे मला वाटायला लागलं, की हा सगळा शास्त्राचा डोलारा कारच्या मापाने उभा आहे. बस मोजायची ती कारने, हातगाडीही कारनेच. बसमध्ये साठ माणसं लोंबकळत असोत, कागदावर ती तीनच कार अडवते, एवढीच तिची ओळख. आमच्या टेकडीवर कार असलेलं एकही घर नव्हतं. आम्हाला मोजायला मापच नव्हतं.

'क्षमता संपली' हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. उपनगरांची क्षमता संपली, रस्त्यांची संपली, पाण्याची संपली. हे बोलताना माणसं हमखास आमच्या टेकडीकडे बोट दाखवतात. आणि संपली असं सांगणारा नेहमी आधीच आत येऊन बसलेला असतो, हे मी बघून ठेवलं आहे. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहाजण राहायचो, आणि मे महिन्यात गावाहून आत्या यायची ती तिची तीन मुलं घेऊन. क्षमतेचा अंदाज काढायला तेव्हा कोणी आलं नव्हतं. आई फक्त म्हणायची, सरका जरा. आणि आम्ही सरकायचो.

मोजणीच्या दिवसांत एकदा चौकातून अंत्ययात्रा गेली. गाडी नव्हती, खांद्यावरच होती. सगळा रस्ता आपोआप थांबला, हॉर्नही बंद झाले. मी बघितलं तर पलीकडे परबकाका खुर्चीवरून उठून उभे, पॅड छातीशी धरलेलं. मीही उठले. ती चार-पाच मिनिटं आमच्या दोघांच्याही फॉर्मवर एक रेघ नव्हती. संध्याकाळी निनादने विचारलं, इथे गॅप कशी? मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि त्या जागी सरासरी टाकली.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी देवनारचा एक डंपर उकरलेल्या खड्ड्यात मागचं चाक घालून बसला. खिंडीपासून पन्नास पावलांवर. साडेनऊला सगळं ठप्प झालं. दोन्ही बाजू. रिक्षावाले रिक्षातून उतरून कठड्यावर बसले. शाळेच्या बसमधली पोरं खिडकीतून ओरडून मला विचारायला लागली, "ताई, आमची बस लिहिली का?" आणि मी बघत होते माझ्या फॉर्मकडे. समोर नजर पोचेल तिथवर गाड्या उभ्या, आणि कागदावर काहीच नाही. कारण मोजायची ती पुढून जाणारी गाडी. जी जात नाही ती मोजायची नसते. पंधरा मिनिटांच्या ओळीत जेमतेम पाच-सहा रेघा पडल्या.

माणसं मात्र चालत होती. झेब्रावरून, गाड्यांच्या फटींतून, बंपरला हात टेकवत, पिशव्या डोक्यावर घेऊन. त्या तासात चौकातून खरंच कोणी पुढे गेलं असेल तर ती माणसंच. समासातला माझा रकाना भरला, मग मी फॉर्मच्या पाठीमागे लिहायला लागले.

काका उठून माझ्या बाजूला आले. म्हणाले, बसून काय करणार, चल. आम्ही रांगेच्या कडेने चालत निघालो आणि उभ्या गाड्या मोजत गेलो, ते त्यांच्या बाजूच्या आणि मी माझ्या. पेट्रोल पंप मागे पडला, बँक मागे पडली, तरी रांग संपेना. उन्हात धुराने डोळे चुरचुरत होते. एका कारची काच खाली झाली आणि आतल्या बाईंनी विचारलं, "पुढे काय झालंय हो?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही काय करताय?" मी म्हटलं, "तुम्हाला लिहून घेतेय." त्यांना ते बरं वाटलं असावं, त्यांनी मला पाण्याची बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निनादने आम्हाला बोलावलं. एका दुकानाच्या माळ्यावर त्यांनी तात्पुरती खोली घेतली होती. टेबलावर लॅपटॉप आणि आमच्या फॉर्मांचे गठ्ठे.

"मॅडम, बुधवारचे आकडे चुकलेत. ऐन गर्दीची वेळ आणि एवढ्याशा गाड्या? सुट्टी होती का?"

काकांना हसता हसता ठसका लागला. "अवो सायबा, थय रस्तो खय होतो? गोदाम झाल्ला."

मी सगळं सांगितलं. डंपर, रांग, समासातले आकडे. निनादने ऐकून घेतलं आणि दोन कोरे फॉर्म पुढे सरकवले.

"तो तास मंगळवारचा उतरवून टाका. बाकी सगळं पण कोऱ्या फॉर्मवर नीट काढा. कडेला हे जे माणसं, पाय वगैरे लिहिलंय ते नको. आणि खाली सही करा. मोजणाऱ्याची सही लागते."

"कशासाठी नको?"

"कॉम्प्युटरमध्ये त्याला जागा नाही, मॅडम. आपल्याला विचारलंय एवढंच, की तो चालणाऱ्यांचा सिग्नल काढून दुभाजक सलग केला तर रस्ता तासाला किती गाड्या जास्त नेईल."

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. काकाही. खिंड बुजवायची. मग हिराबाईंनी पाटी घेऊन कुठून जायचं? पुढचा पादचारी पूल दहा मिनिटांच्या चालीवर, आणि त्याचे जिने माझ्या आईला दोनदा बसल्याशिवाय चढता येत नाहीत. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मला एक सांग," मी म्हटलं. मी त्याला अहो-जाहो करायचे, त्या क्षणी ते विसरले. "रस्ता वाहतो तेव्हा आकडा मोठा. रस्ता तुंबला की आकडा लहान. म्हणजे तुझ्या कागदावर तुंबलेला रस्ता आणि रिकामा रस्ता सारखाच दिसणार ना?"

"ते आम्हाला माहीत आहे, मॅडम. म्हणून रांगेची लांबी वेगळी मोजतात."

"कोण मोजतं?"

"ते या कामात नाही."

"आणि चालणारी माणसं?"

"ती पण या कामात नाहीत."

"मग त्यांचा सिग्नल काढायचा की नाही, हे कुठल्या कामात आहे?"

खाली दुकानात कोणीतरी शटर ओढलं, त्याचा आवाज वर आला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "याच."

मी कोरा फॉर्म परत त्याच्याकडे सरकवला. म्हटलं, सही करणार नाही. जे दिसलं ते लिहिलंय, समासासकट. तेच पाठव. तो म्हणाला, मॅडम, सही नसली तर फॉर्म रद्द होतात, पुन्हा मोजावं लागेल. मी म्हटलं, मोजू. तो काकांकडे वळला. वयस्कर माणूस, ऐकेल असं वाटलं असावं. काकांनी चष्मा पुसला.

"गिरणीत मी कापड बघल्याबगर पास करूक नाय कधी. आता म्हातारपणी करू? परत मोजूक सांगशात तर मोजतलंव. पण पाय दिसले तर पाय लिवतलंव."

निनादने कपाळाला हात लावला. तोही नोकरीच करत होता, त्याच्यावरही कोणीतरी ओरडणारा होता. मग त्याने कोरे फॉर्म बाजूला ठेवले, आमचे जुने, मळके, समासभर रेघांचे फॉर्म एका पिशवीत घातले आणि सह्यांसाठी पुढे केले. आम्ही त्यांच्यावर सह्या केल्या. काकांनी आपली पूर्ण नावानिशी केली, खाली रेघ मारून.

सिग्नल राहिला. आमच्या रेघांमुळे राहिला की फाइल कुठल्या टेबलावर झोपली म्हणून राहिला, मला माहीत नाही. कोणी कळवलं नाही. श्रेय मात्र मी तेव्हापासून बिनदिक्कत घेते. पुढच्या मोजणीला, अंधेरीला, बाकी सगळ्यांना बोलावलं, आम्हा दोघांना नाही. आईने विचारलं, काय मिळवलंस? मी म्हटलं, तू उद्या बाजारात कुठून जाणार ते मिळवलं. त्या रात्री तिने मला जास्तीची पोळी वाढली.

आता मी एका दवाखान्यात केसपेपर काढते. परबकाका गावी गेले. अधूनमधून फोन करतात. "हय रस्त्यार कोणूच नाय गो. मोजूक काय नाय. मी आपलो माडार बसलेले कावळे मोजतंय." हिराबाई अजून येतात. डोक्यावर पाटी झेपत नाही, म्हणून थर्माकोलचा खोका चाकांच्या फळीवर बांधून ओढत आणतात. मी त्यांना चिडवते, मावशी, आता तुम्हाला चाकं आली. त्या म्हणतात, आली खरी, पन धावता नाय येत ना.

कारण चौकात मधल्या वर्षांत बरंच बदललं आहे. मेट्रो आली, रस्त्यावरच्या गाड्या काही कमी झाल्या नाहीत. आणि हिरवा माणूस कोणीतरी दरवर्षी थोडाथोडा कापत आणला आहे. आता तो उगवतो आणि तुम्ही अर्ध्यावर पोचेपर्यंत लुकलुकायला लागतो. तरणीताठी माणसंही धावतात. न धावणारी माणसं खिंडीपर्यंत येतच नाहीत. पेट्रोल पंपासमोर दुभाजकाचा एक दगड कोणीतरी काढला आहे, तिथून ती जीव मुठीत धरून जातात. मीही जाते. सवय लागली आहे.

यंदा दिवाळीनंतर चौकात पुन्हा बॅरिकेडं आली, आणि मागच्या आठवड्यात सिग्नलच्या खांबावर नोटीस लागली. पादचारी सिग्नल बंद करण्याचा प्रस्ताव. सोमवार ते बुधवार पाहणी. दोन माणसं शिडी लावून खांबावर कॅमेरा बसवत होती. मी खाली उभी राहून विचारलं, "या वेळी माणसं मोजणार का?"

"मोजणार ना, मॅडम. आता सगळं मोजतात. झेब्रावरून जाणारा एकेक माणूस."

"आणि तिकडे, पंपासमोरून जाणारी?"

शिडीवरच्याने मान वळवून बघितलं. "ती चौकटीत येत नाहीत."

मला डंपर अडकला तो बुधवारचा तास आठवला. कागदावरचा रिकामा रस्ता. आम्ही झेब्रावरून जाणं सोडून दिलं होतं, म्हणून आता कॅमेऱ्याला दिसणार की तिथून कोणी जातच नाही. आधी हिरवा माणूस कापायचा, मग म्हणायचं वापर कमी आहे. हे कोणी ठरवून केलं असेल असंही नाही. पण कोणी न ठरवता आमची वाट लागणार होती, आणि भांडायला समोर माणूसही नव्हता. कॅमेऱ्याला सही करायची नसते.

त्या संध्याकाळी मी टेकडी चढले. गल्लीगल्लीतून. उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगत होते, सोमवारपासून तीन दिवस, झेब्रावरून जा. पंपासमोरून नको. शेजारची शैला माझ्याबरोबर फिरत होती. ती म्हणाली, "अगं यार, मग सगळ्यांनी चार-चार फेऱ्या मारू ना. कॅमेऱ्याला काय कळतंय?"

"नाही. एक माणूस एकदाच. जिला खरंच पलीकडे जायचंय तिनेच जायचं."

"तू पण ना! तिकडे ते लोक काय काय करतात, आणि तू इथे हरिश्चंद्र."

मी तिला काय सांगणार? सांगितलं एवढंच, की आपण आहोत तेवढेच पुरेसे आहोत, जास्त दाखवायची गरज नाही. तिने नाक मुरडलं, पण पुढच्या दारावर तिनेच ते वाक्य माझ्याआधी म्हटलं. बाजारात जाऊन मी हिराबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "येतंय. पन धावनार नाय हां मी." मी म्हटलं, कोणीच धावायचं नाही.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सात वाजता चौकात जाऊन उभी राहिले. टेकडीवरून कोणी उतरताना दिसेना. कॅमेरा वरून बघत होता आणि झेब्रावर एक कुत्रं बसलं होतं. मग साडेसातला घरकाम करणाऱ्या बायकांचा पहिला घोळका आला. तेवढ्यात समोरून वॉचमनची ड्यूटी संपवून परतणारे. मग शाळेची पोरं आणि त्यांच्या आया. आठनंतर मात्र टेकडीच्या पायवाटांवरून माणसं उतरतच राहिली. आई आली, शेजारणीच्या दंडाला धरून. शैला आली, ऑफिसची पर्स काखेत. खोका ओढत हिराबाई आल्या आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

हिरवा माणूस उगवला. मंडळी रस्त्यात उतरायला लागली, आपापल्या चालीने. हिराबाई दुभाजकापाशी पोचेपर्यंत दिवा लुकलुकायला लागला आणि मागच्या बायकांनी तर अजून फुटपाथही सोडला नव्हता. कोणी वेग वाढवला नाही. चाकं पट्ट्यांवरून खडखडत राहिली. पहिला हॉर्न वाजला, मग मागून वीस. एका कारवाल्याने डोकं बाहेर काढलं.

"अहो, आजच एकदम सगळे कुठे निघालात?"

"रोज एवढेच असतो," मी म्हटलं.

माझ्या हातात कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. मोजायचं काम आता त्यांचं होतं. मी आईचा दुसरा दंड धरला आणि पट्ट्यांवर पाऊल टाकलं. समोर दिवा लाल झाला. आई थबकली, माझ्याकडे बघितलं.

"चल," मी म्हटलं. "सावकाश."